संविधान वाचायचं ॲप : कामाच्या नोंदी

६ जुलै २०२४

आजपासून नोंदी ठेवतोय नाहीतर पुढे कोणता निर्णय का घेतला ते आठवत नाही. काम असं: भारताचं संविधान मराठीत, मोबाइलवर, नेट नसताना वाचता यायला हवं. नांदेडला आमच्या ओळखीच्या अभ्यासिकेतली पोरं सध्या काय करतात तर कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेली पीडीएफ उघडतात, दोन बोटांनी मोठी करतात, एक ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवत बसतात आणि एखादा अनुच्छेद शोधायचा तर गूगल करतात, तिथे जे पहिलं येईल ते खरं. फोन बहुतेकांचे साधे, २-३ जीबी रॅमवाले, स्टोरेज भरलेलं. म्हणून ॲप हलकं हवं, लॉगिन नको, जाहिरात नको. फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं एक साधन) करतोय कारण मला तेच येतं.

टीम म्हणजे मी, जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एक वकीलताई आणि अभ्यासिकेतली जी पोरं वेळ देतील ती.

१४ जुलै

मजकूर. वाटलं होतं हे सगळ्यात सोपं काम. मराठी प्रत मिळते, पण हातात आलेली पीडीएफ जुन्या फाँटातली, कॉपी केली की इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला येतो. कन्व्हर्टर लावला तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात कारण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. स्क्रिप्ट लिहून बरंचसं सरळ केलं. काही पानं स्कॅन केलेलीच आहेत, त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर.

ओसीआरचं मराठीतलं जुनं दुखणं म्हणजे ‘ख’ चा ‘रव’ होतो. आणि संविधानात दर दोन ओळींना ‘खंड’ हा शब्द. त्यामुळे पानभर रवंड (१), रवंड (२), उपरवंड. हे शोधून बदलणं सोपं आहे, असा शब्दच नसल्यामुळे लगेच सापडतो. भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकांची.

२१ जुलै

ती न दिसणारी चूक सापडली आणि चांगलीच आहे.

इंग्रजीत जिथे ए, बी, सी लावून नवे अनुच्छेद घुसवलेत तिथे मराठीत क, ख, ग लावतात. २१ए म्हणजे २१क, ५१ए म्हणजे ५१क. पंचायत आणि नगरपालिकांच्या भागात तर ही गाडी २४३क पासून सुरू होऊन ‘य’ गाठते आणि मग २४३यक, २४३यख अशी पुढे जाते. आता या माळेत ‘घ’ आहे चौथा आणि ‘ध’ आहे एकोणिसावा. २४३घ म्हणजे पंचायतीतल्या राखीव जागा. २४३ध म्हणजे नगरपालिकेच्या प्रभाग समित्या. ओसीआरने एका जागी घ चा ध केला होता आणि आमच्या लिंक तपासणाऱ्या स्क्रिप्टने काहीच तक्रार केली नाही, करणार कशी, २४३ध नावाचा अनुच्छेद आहे की! राखीव जागांचा संदर्भ दाबला आणि थेट प्रभाग समितीत. ‘भ’ आणि ‘म’ ची पण तीच कथा, एकात नगरपालिकांचे कर, दुसऱ्यात वित्त आयोग.

उपाय असा केला की प्रत्येक अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरातून सगळे संदर्भ काढायचे, मराठीतून पण काढायचे, मराठी अक्षरांना परत आकड्यात बदलायचं आणि दोन्ही याद्या जुळतात का बघायचं. जिथे जुळत नाही तिथे माणसाने डोळे घालायचे. ‘अनुच्छेद १४, १५ व १६’ किंवा ‘२५ ते २८’ अशा लिखाणासाठी वेगळं बघावं लागतंच, शिवाय एखाद्या अधिनियमाचं कलम आलं तर त्याला लिंक द्यायची नाही हे पण शिकवावं लागलं.

बाकी प्रूफ वाचायला पोरांनी जुनी पद्धत काढली, एकाने छापील पुस्तकातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून बघायचं. स्वल्पविराम सुद्धा बोलायचा. ‘स्वल्पविराम, मग परंतु’ असं चाललेलं असतं. ऐकायला गंमत वाटते पण कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त चुका यांनीच काढल्या.

२ ऑगस्ट

अनुक्रम. आकडे स्ट्रिंग (नुसती अक्षरं) म्हणून ठेवले तर १ नंतर १० आणि १०० येतो, हे सगळ्यांना माहितीये. त्यावर हे क, ख, यक. म्हणून प्रत्येक अनुच्छेदाला वेगळी क्रम-की दिली: मूळ आकडा गुणिले शंभर अधिक अक्षराचा नंबर. २४३यक चा नंबर सत्तावीस. जमलं.

खरा त्रास शोधताना आहे. लोक काय काय टाईप करतात: २१क, २१ क, २१-क, २१अ, २१ए, आणि अर्थात इंग्रजी आकडे इंग्रजी अक्षर. सगळं एकाच ठिकाणी यायला पाहिजे. सगळ्यात कठीण ३७१ञ. कर्नाटकातल्या हैदराबाद-कर्नाटक भागासाठीची तरतूद, नांदेडहून बिदर म्हणजे शेजारच, त्यामुळे पोरांना उत्सुकता. पण ञ कीबोर्डवर कुठे आहे हे अभ्यासिकेत एकालाही सांगता आलं नाही, मला पण शोधावं लागलं. म्हणून ‘३७१जे’ चालतं असं करून टाकलं.

११ ऑगस्ट

सर्चमधली आजपर्यंतची सगळ्यात भारी गडबड. एका मुलीने सर्चमध्ये ‘मूल’ टाकलं. बालकांच्या हक्काचं काही शोधत होती. निकालात आला २८६ आणि ३०४, म्हणजे मालावरचे कर. आणि ‘मूलभूत’ हा शब्द मात्र एकदाही आला नाही.

दोन तास डोकं खाजवलं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस५ (मजकुरात शोधायची सोय) वापरतोय, त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) फक्त अक्षरं आणि आकडे धरतो. काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही युनिकोडच्या हिशेबात ‘अक्षरं’ नाहीत, चिन्हं आहेत, त्यामुळे त्याला ती शब्द तोडायची जागा वाटते. म्हणजे ‘मूल’ चं झालं म आणि ल. ‘मालाच्या’ चं झालं म, ल, च, य. पहिले दोन जुळले, दिला निकाल. ‘मूलभूत’ चं होतं म, लभ, त, कारण ल आणि भ च्या मधे मात्रा नाही म्हणून ते चिकटले, त्यात सुटा ल नाही, म्हणून नाही सापडला. ‘दिन’ शोधलं तर ‘दान’ येणार. संगणकाला मराठी अशी दिसते, सगळे कानेमात्रे काढून घेतलेली.

उपाय एका ओळीचा निघाला, टोकनायझरच्या सेटिंगमध्ये चिन्हांचे दोन वर्ग पण शब्दाचा भाग धरायला सांगायचे. दुसरं म्हणजे फोनमधल्या एसक्यूलाइटवर भरवसा ठेवायचा नाही, जुन्या फोनवर एफटीएस५ असेलच असं नाही, आपली लायब्ररी ॲपसोबतच द्यायची. साइझ थोडी वाढते, चालेल.

१३ ऑगस्ट

आता ‘मूल’ ला माल येत नाही. पण ‘मुलाच्या’ पण येत नाही! आधी चुकून का होईना येत होतं.

मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना आतलं पण बदलतं, मूल-मुला, वकील-वकिला. पण सगळीकडे नाही, न्यायाधीश तसाच राहतो कारण तत्सम. त्यामुळे सरसकट नियम लावता येत नाही. शेवटी संविधानात येणारे सगळे वेगळे शब्द काढून त्यांची यादी बघितली, जे बदलतात ते हाताने बांधले. आयुष्यभर पुरेल असं स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा प्रोग्राम) लिहायच्या फंदात पडलो नाही, आपल्याला हे एकच पुस्तक शोधायचंय. सोबत समानार्थी यादी: कलम टाकलं तरी अनुच्छेद, घटना टाकलं तरी संविधान, मूल ला बालक, अधिकार ला हक्क. ‘करणाऱ्या’ मधला ऱ्या दोन प्रकारे टाईप होतो तो पण एक करून घेतला, कायद्याच्या मराठीत असणाऱ्या-करणाऱ्या-नेमलेल्या यांचाच सुळसुळाट असतो.

१ सप्टेंबर

डेटाबेसचा ढाचा बदलतोय, आणि आता लक्षात येतंय की ॲपचं खरं काम इथे आहे, बाकी सगळं सजावट.

सुरुवातीला टेबल साधं होतं, अनुच्छेद क्रमांक आणि मजकूर. पण पोरं विचारतात ‘हे आधीपासून होतं का’. म्हणून आवृत्त्या ठेवायच्या ठरल्या, कोणता मजकूर कधीपासून कधीपर्यंत. आणि लगेच कळलं की क्रमांक ही ओळख होऊ शकत नाही. २४३ घ्या. १९५० मध्ये भाग नऊ आणि अनुच्छेद २४३ होताच, पण तो अंदमान-निकोबारसारख्या ‘भाग ड’ मधल्या प्रदेशांबद्दल होता. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो गेला. जागा रिकामी. मग ७३ वी दुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, आणि त्याच रिकाम्या भागात पंचायती येऊन बसल्या. नंबर तोच, माणूस वेगळा. म्हणून प्रत्येक अनुच्छेदाला नंबराशी संबंध नसलेला स्वतंत्र आयडी दिला.

तारखा पण एक नाही दोन लागतात. ८६ वी दुरुस्ती २००२ ची, शिक्षणाचा हक्क तिने आणला, पण लागू झाली १ एप्रिल २०१० ला. परीक्षेत नेमकं इथेच पोरं घसरतात. आणि लागू होण्याची तारीख रिकामी पण असू शकते, हे मला वकीलताईंनी सांगितलं तेव्हा मी चाटच पडलो. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीत प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दल, म्हणजे अनुच्छेद २२ मध्ये, एक बदल आहे, सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने डांबता येतं ते दोन महिन्यांवर आणायचं. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली, त्याच दुरुस्तीतल्या बाकीच्या गोष्टी १९७९ मध्ये लागू पण झाल्या, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून ३००क मध्ये गेला तो तेव्हाच. पण या एका कलमाची अधिसूचना अजून निघालेली नाही. पंचेचाळीस वर्षं. छापील प्रतीत खाली बारीक टीप असते, ती कोण वाचतं.

८ सप्टेंबर

ताईंच्या ऑफिसमध्ये दुपारभर बसलो. मी त्यांना आवृत्त्यांचं स्क्रीन दाखवलं, त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘छापलेलं आहे पण चालत नाही असं जे आहे ते कसं दाखवणार?’

मला वाटलं वगळलेल्या अनुच्छेदांबद्दल बोलतायत. नाही. वगळलेले वेगळे, ते संसदेने काढले, तिथे मजकूरच नसतो. या म्हणत होत्या कोर्टाने अवैध ठरवलेल्या तरतुदींबद्दल. कोर्ट पुस्तकातून ओळ खोडत नाही, ती छापली जातच राहते.

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहित गेलो. १२४क, ख, ग: न्यायिक नियुक्ती आयोग, ९९ वी दुरुस्ती, १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने अख्खी दुरुस्तीच रद्दबातल केली. ३६८ चे खंड (४) आणि (५), घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हान देताच येणार नाही असं म्हणणारे, ४२ व्या दुरुस्तीने घातलेले, मिनर्व्हा मिल्सच्या निकालात १९८० मध्ये गेले. दहाव्या अनुसूचीतला (पक्षांतरबंदी) परिच्छेद ७, किहोतो होलोहान खटला, १९९२. न्यायाधिकरणांच्या ३२३क आणि ३२३ख मधले हायकोर्टाचे अधिकार काढून घेणारे तुकडे, चंद्र कुमार, १९९७. पुस्तकात बघा, सगळे आहेत. नवीन वाचणाऱ्याने ३६८(४) वाचला तर तो आनंदाने लिहून येईल की दुरुस्तीला आव्हान देता येत नाही.

आणि मग आपल्या घरचं उदाहरण, भाग नऊ-ख, सहकारी संस्था. ९७ वी दुरुस्ती, २०११. महाराष्ट्रात सहकार म्हणजे साखर कारखान्यापासून हाउसिंग सोसायटीपर्यंत सगळं, त्यामुळे या भागाचा गाजावाजा खूप झाला, सोसायटीच्या नोटिशीत सुद्धा लोक ‘घटनेनुसार’ म्हणून २४३यज वगैरे टाकायचे. सहकारी संस्था हा राज्यांच्या सूचीतला विषय, त्याला हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, ती घेतलीच नव्हती. जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा भाग फक्त अनेक राज्यांत पसरलेल्या, म्हणजे मल्टिस्टेट संस्थांपुरता राहील. तेव्हा हा भाग अर्धा जिवंत आहे. गावातली सोसायटी यात नाही, तिला महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था अधिनियम. याला लाल (बंद) दाखवायचं की हिरवा (चालू)?

ठरलं ते असं. मजकुराला हात लावायचा नाही, खोडलेला किंवा फिकट दाखवायचा नाही कारण तो आपला अधिकार नाही, छापलाय तसा दिसला पाहिजे. पण वर पट्टी येणार, आणि ती बंद करायची सोय नसणार. पट्टीवर काय लिहायचं ते पाच प्रकारात बसतंय: लागू, वगळलेला, कोर्टाने अवैध ठरवलेला, अंशतः लागू, अजून लागू न केलेला. पट्टी दाबली की निकालाचं नाव, तारीख आणि ताईंनी लिहिलेल्या दोन-तीन ओळी. टीप तळाला बारीक अक्षरात नको, डोक्यावर पाहिजे. डिझाइन करून देणारा मित्र म्हणाला स्क्रीन कुरूप दिसतं. असू दे कुरूप.

जे मजकुरातच कधी नव्हतं पण लोक शोधतात त्यासाठी पण काहीतरी लागेल. ३५क (जम्मू-काश्मीरच्या कायम रहिवाशांबद्दलचा) मुख्य भागात कधीच नव्हता, १९५४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आला म्हणून परिशिष्टात असायचा, २०१९ मध्ये गेला. सर्चमध्ये ‘काही सापडलं नाही’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल ॲपच खराब. तिथे एक माहितीचं कार्ड दाखवायचं.

२२ सप्टेंबर

तुटक्या लिंका. सगळ्यात मजेशीर ३९४. संविधान कधी लागू होणार ते सांगणारा अनुच्छेद, त्यात म्हटलंय की नागरिकत्वाचे ५ ते ९, निवडणूक आयोगाचा ३२४ वगैरे काही अनुच्छेद लगेच, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू होतील आणि उरलेलं २६ जानेवारी १९५० ला. त्या यादीत ३७९, ३८०, ३८८, ३९१ पण आहेत. आणि ३७९ ते ३९१ हा अख्खा गठ्ठा १९५६ मध्ये वगळला गेला. आमच्या लिंका कोऱ्या पानावर जात होत्या.

आता वगळलेल्या अनुच्छेदावर गेलं की कधी, कोणत्या दुरुस्तीने गेला ते दिसतं, आणि जुना मजकूर आमच्याकडे असेल तर ‘तेव्हाचा मजकूर’ असं बटण. ३१ मध्ये आहे, १३१क मध्ये आहे. हा १३१क बिचारा ४२ व्या दुरुस्तीने जन्मला आणि ४३ व्याने गेला, वर्ष-सव्वा वर्षाचं आयुष्य.

यामुळे ‘संविधानात एकूण किती अनुच्छेद’ या पोरांच्या लाडक्या प्रश्नाचं उत्तर ॲपमध्ये एका आकड्यात देता येत नाही. सुरुवातीला ३९५ अनुच्छेद, २२ भाग, ८ अनुसूच्या, हे पक्कं. आज अनुसूच्या १२ हे पण पक्कं. शेवटचा नंबर अजूनही ३९५ च. मधले मोजायचे तर वगळलेले धरायचे की नाही त्यावर आकडा ठरतो, म्हणून वेगवेगळ्या गाइडांत वेगवेगळा.

६ ऑक्टोबर

वाचायचं स्क्रीन. कायद्याचं वाक्य संपता संपत नाही, मोबाइलवर तर एक खंड दीड स्क्रीन खातो. वाक्य तोडायचं नाही पण मांडणी करता येते, उपखंड आत सरकवले, परंतुकाला (‘परंतु’ ने सुरू होणारा अपवाद) वेगळी पार्श्वभूमी. एवढ्यानेच वाचणं बरंच सोपं झालं.

संदर्भ दाबला की पान बदलत नाही, खालून पट्टा वर येतो. हे १५(४) वर तपासलं. मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करायला या अनुच्छेदातली किंवा २९ च्या खंड (२) मधली कोणतीही गोष्ट आड येणार नाही अशा अर्थाची त्याची सुरुवात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला २९(२) इथे कुठून आला ते कळत नाही, २९ तर अल्पसंख्याकांच्या शीर्षकाखाली आहे. पट्टा वर आला की दिसतं, सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येणार नाही. मद्रास राज्याचा जातवार जागा वाटणारा आदेश सुप्रीम कोर्टाने चंपकम दोराईराजन खटल्यात, एप्रिल १९५१ मध्ये याच २९(२) वर रद्द केला आणि दोनच महिन्यात पहिली घटनादुरुस्ती करून १५(४) घातला. त्या एका आकड्यात अख्खी भांडणाची गोष्ट आहे. एक पोरगा म्हणाला ‘दादा मी हे तीनदा पाठ केलंय, आज कळलं’.

१९ ऑक्टोबर

फाँट. ॲपमध्ये भाषा ‘मराठी’ म्हणून सांगितली नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. टेक्स्टला लोकेल दिलं, फाँटमध्ये मराठी रूपं असतील तर आपोआप येतात. अक्षराचा आकार, डार्क मोड, बुकमार्क, सगळं झालं, लिहिण्यासारखं काही नाही.

नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलाकारांची चित्रं घालायची मागणी आली. मूळ प्रतीची पानं सुंदर आहेतच पण ॲपची साइझ कुठल्या कुठे जाईल. नाही घालत.

१० नोव्हेंबर

टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावून अभ्यास करणाऱ्या एका दादाने ॲप तपासून दिलं. डोळे बंद करून मी स्वतः ऐकलं होतं पण त्याला जे खटकलं ते मला खटकलं नसतं. ‘१९(१)(क)’ चं फोन ‘एकोणीस एक क’ करतो, कंस गायब. त्याच्या डोक्यात रचनाच उभी राहत नाही. आता प्रत्येक ठिकाणी वाचायला वेगळा मजकूर दिलाय, अनुच्छेद एकोणीस, खंड एक, उपखंड क. २४३यक ला फोन ‘यक’ असा एकच आवाज काढायचा, ते सुटं केलं. स्थितीची पट्टी आधी मजकुरानंतर ऐकू यायची, म्हणजे पूर्ण ३६८(४) ऐकून झाल्यावर कळायचं की तो चालत नाही. क्रम उलटा केला. आणि त्याने अनुच्छेदाच्या आत खंडाखंडावर उडी मारायची सोय मागितली, ती हेडिंग लावून दिली, आता डोळस लोक पण तीच वापरतायत.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन, पंचाहत्तर वर्षं झाली, त्यामुळे सगळे विचारतायत ॲप आज येणार ना. नाही येणार. सातव्या अनुसूचीचं प्रूफ बाकी आहे. अभ्यासिकेतल्यांना चाचणीची आवृत्ती दिलीये तेवढं पुरे.

काल सुप्रीम कोर्टाने उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या. सकाळपासून ग्रुपवर वाद, अर्ध्यांना हे शब्द पहिल्यापासून होते असं वाटत होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटत होतं उद्देशिका बदलताच येत नाही. आमच्याकडे उद्देशिकेच्या दोन आवृत्त्या आहेत, १९५० ची ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ वाली आणि ४२ व्या दुरुस्तीनंतरची, ज्यात हे दोन शब्द आले आणि ‘एकता’ च्या जोडीला ‘एकात्मता’ आली. तारीख मात्र खाली तीच, २६ नोव्हेंबर १९४९. वाद मिटला असं म्हणत नाही पण निदान सगळे एकाच मजकुरावर वाद घालायला लागले.

यातून कामाची गोष्ट अशी की निकाल आज येतो आणि ॲप अपडेट करायला लोक महिना लावतात. म्हणून मजकूर आणि टिपा ॲपपासून वेगळ्या करतोय, छोटी फाइल, वायफाय मिळालं की उतरेल, आणि पहिल्याच स्क्रीनवर ‘या तारखेपर्यंतचा मजकूर’ असं स्पष्ट.

१५ डिसेंबर

दोन मागण्या सारख्या येतायत. एक, प्रश्नसंच. करू, पण प्रत्येक प्रश्नाला अनुच्छेद जोडलेला असला पाहिजे आणि त्या अनुच्छेदाची स्थिती बदलली की प्रश्न आपोआप बाजूला पडला पाहिजे. ३४२क वर विचारलेला प्रश्न घ्या, मराठा आरक्षणाच्या ५ मे २०२१ च्या निकालानंतर त्याचं उत्तर एक होतं आणि त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती आल्यावर दुसरं, राज्यांना आपली मागासवर्गांची यादी करायचा अधिकार परत मिळाला. बाजारातल्या गाइडांत अजून दोन्ही उत्तरं सापडतील.

दुसरी मागणी, ‘एआय लावून सोप्या भाषेत अर्थ द्या’. यावर बरीच बाचाबाची झाली. पोरांचं म्हणणं, सगळे तेच करतायत. करून बघितलं, भाषा छान, ३६८ चा सारांश पण छान, आणि त्यात खंड (४) जसाच्या तसा लागू आहे असं धरून लिहिलेलं. ताईंनी वाचून फक्त चष्मा काढून ठेवला. तर नाही. टिपा माणूस लिहील, थोड्या असतील, खाली लिहिणाऱ्याने तपासल्याची तारीख असेल. मूलभूत हक्क, पंचायत-नगरपालिका आणि दुरुस्तीचा भाग एवढ्यांनाच सध्या टिपा, बाकी नुसता मजकूर. खासगी प्रकाशकांची भाष्यं उचलायची नाहीत, हे पण लिहून ठेवतो कारण कोणीतरी फोटो काढून पाठवतंच.

१९ जानेवारी २०२५

स्टोअरवर टाकायची तयारी. सरकारी माहिती देणारं ॲप असेल तर मजकूर कुठून घेतला आणि आपण सरकारचे कोणी नाही, हे दोन्ही ठळक सांगावं लागतं. नावात-आयकॉनमध्ये अशोकस्तंभ वगैरे काही नाही, ते आधीच टाळलं होतं.

गोव्याच्या एका ओळखीच्या शिक्षिकेने चाचणी आवृत्ती वापरून बघितली, त्यांनी ३७१झ उघडला आणि म्हणाल्या एवढंच? खरंच एवढंच आहे, गोव्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असतील, संपलं. त्यांना कोकणी आठव्या अनुसूचीत कधी आली ते दुरुस्तीसकट हवं होतं, ७१ वी, १९९२, ते आता अनुसूचीतल्या भाषेवर दाबलं की दिसतं.

आमच्याकडचा मात्र ३७१(२) अडकलाय. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं, राज्यपालांची विशेष जबाबदारी. तरतूद पूर्ण लागू आहे, कोणी रद्द केली नाही, पण मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. पाच प्रकारांपैकी यावर कोणती पट्टी? ‘लागू’ लिहिलं तर मराठवाड्यातला वाचणारा हसेल, दुसरं काही लिहिलं तर चूक. सहावा प्रकार काढायचा नाही असं ताई म्हणतात, पट्टी अनुच्छेदाची असते, सरकारने काय केलं त्याची नसते. मला ते पटतंय पण अर्धंच. तूर्त ‘लागू’ ठेवून खाली मुदतीची टीप घातलीये, आणि ती टीप पट्टीखाली घडी न घालता उघडी राहील एवढं ताईंकडून मान्य करून घेतलंय.

बाकी: सातव्या अनुसूचीची राज्यसूची दुसऱ्यांदा वाचायची, ३३४क ची टीप लिहायची (महिला आरक्षण, १०६ वी दुरुस्ती, जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर लागू होणार असं अनुच्छेदातच म्हटलंय), आणि जुन्या फोनवर सर्च पहिल्यांदा उघडताना अडकतो ते बघायचं.